अमोज देशाच्या मोजणीदार

श्रीमती इंदुमती सकपाळ, म्हणजे आम्हा सर्वांच्या इंदुताई, यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी लगेच होकार दिला आणि त्यानंतर पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. ताईंशी माझी खरी ओळख ज्या प्रसंगातून झाली, तो मला शोभणारा नाही. तो गाळून लिहिता येईल का, असे मी ताईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "गाळलास तर मी तुझा लेख वाचणार नाही." तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

तेहतीस वर्षांपूर्वी मी मोजणी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. वय चोवीस. नाते गावातून सायकलने महाडला यायचो. ताई तेव्हा बेचाळिशीच्या होत्या आणि कार्यालयात अनुरेखक होत्या. जमिनीचे जुने नकाशे झिजतात, फाटतात. ते पारदर्शक कापडावर शाईने जसेच्या तसे उतरवून काढायचे, हे अनुरेखकाचे काम. पहिल्याच दिवशी मी चहाचा पेला त्यांच्या टेबलावर टेकवला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "शिर्के, पेला उचला. त्याच्याखाली तीन भावांचा बांध आहे."

त्यांच्या कामाबद्दल इथे एकच सांगतो. एकदा एक वजनदार गृहस्थ आले. त्यांच्या हद्दीचा नकाशा ताईंच्या हाताखाली होता. गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "बाई, ही रेघ जरा जाड आली तरी काय बिघडतंय?" ताईंनी पेन खाली ठेवले. "एवढ्या जाडीत आंब्याचं एक झाड बसतं. ते ज्याचं आहे त्याला घेऊन या, त्याच्यासमोर जाड करते." गृहस्थ परत आले नाहीत. मी समोरच्या टेबलावर बसून हे ऐकत होतो आणि या बाईंच्या हातून कधी काही वावगे होणार नाही, असे मनाशी धरून चाललो होतो. म्हणूनच पुढे जे झाले त्याचा मला इतका जबर धक्का बसला.

एके दुपारी ताईंनी मला त्यांच्या कपाटातून मोठा गुण्या आणायला सांगितले. कपाटात गुण्याच्या मागे जाड कागदाची एक गुंडाळी होती. ती खाली पडली आणि उलगडली. नकाशा होता. प्रमाण लिहिलेले, उत्तर दिशेचा बाण काढलेला, हद्दीचे दगड, विहिरी, मसणवटे, उंचीच्या रेषा, सगळे खात्याच्या पद्धतीने. अक्षर ताईंचे. गावांची नावे मात्र मी जन्मात ऐकलेली नव्हती. तिरफळी. ओथंब. सात विहिरी. कांडवण. आमच्या तालुक्यात नाहीत, पोलादपुरात नाहीत, भोरच्या बाजूलाही नाहीत. उतार मात्र ओळखीचे वाटत होते, वरंधच्या वरच्या अंगाला असतात तसे. आणि निळ्या शाईत एक नदी होती, तिच्यावरचा बाण डोंगराकडे तोंड करून चढत चालला होता.

 खोटे नकाशे करून डोंगर विकल्याच्या गोष्टी त्या काळी कानावर येत होत्या. मी गुंडाळी होती तशी ठेवली, गुण्या नेऊन दिला. त्यानंतर तीन दिवस मला जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि जे पाहिले ते सांगितले.

साहेबांनी सगळ्यांसमोर कपाट उघडायला लावले. एक गुंडाळी निघेल अशी माझी कल्पना होती, निघाल्या अकरा. टेबले जोडून त्या पसरल्या. संपूर्ण कार्यालय भोवती उभे. मी मागे, दाराजवळ.

"बाई, हे गाव कुठलं?" साहेबांनी विचारले.

"अमोज देशातलं, साहेब."

"कुठल्या तालुक्यात येतं?"

"कुठल्याच नाही. तो देश मी केलाय."

 आमचे शिपाई गंगारामकाका पुढे झाले आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "म्हंजे बाई, यातला एक पण गाव खरा नाय?"

"खरा नाही, काका," ताई म्हणाल्या. "पण चुकीचा पण नाही."

साहेबांनी एक नकाशा उलटा केला. मागे जुन्या कॅलेंडरचे पान होते. तारखा, तिथी, वर कमळात बसलेली लक्ष्मी. सगळे अकरा नकाशे असेच, कॅलेंडरच्या पानांच्या कोऱ्या बाजू खळीने जोडून केलेले. कार्यालयातला चिटोरासुद्धा त्यात नव्हता. शाईदेखील दुकानात मिळणारी शाळकरी निळी आणि काळी. कार्यालयातली पक्की शाई ताईंनी स्वतःच्या कामाला कधी वापरली नव्हती. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, मग हसले आणि म्हणाले, "घरी घेऊन जा हे, बाई. इथं घोटाळा होईल." नकाशांच्या कडेला तिथल्या जादूबद्दल बारीक टिपा होत्या, त्यावरून पुढचे कित्येक महिने कार्यालयात त्यांना मागून "जादूवाल्या बाई" म्हणत. तो शब्द माझ्यामुळे त्यांना चिकटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले. "तुम्हीच सांगितलंत ना?"

मान वर करायची माझी हिंमत नव्हती. हो म्हणालो.

"बरं केलंत. नकाशात चूक दिसली तर सांगायलाच हवी. आता मला सांगा, चूक कुठं दिसली?"

मी चाचरत म्हणालो, "ती नदी. डोंगरावर चढते."

ताईंचा चेहरा मी विसरणार नाही. रागाची वाट पाहत होतो, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "सोळा वर्षं मी हे काढते आहे," त्या म्हणाल्या. "घरात आहे, पाहुण्यांनी पाहिलंय, काल सगळ्या ऑफिसनं पाहिलं. ती नदी चढते हे बघणारे तुम्ही पहिले. रविवारी घरी या. का चढते ते सांगते."

ज्यांची नोकरी माझ्यामुळे जाता जाता राहिली होती, त्यांनी मला घरी बोलावले होते. मी टेबलावर परत आलो. त्या दिवशी माझ्या हातून एकही कागद पुढे सरकला नाही.

ताईंचे घर बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचे. यजमान दत्ताराम, आम्ही त्यांना दत्ताभाऊ म्हणतो, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. मी गेलो तेव्हा जमिनीवर नकाशे पसरले होते आणि दत्ताभाऊ भिंतीला पाठ लावून, आडवे पाय टाकत स्वयंपाकघराकडे निघाले होते. "या," ते मला म्हणाले. "आमच्या घरात चालायला वाट फक्त अमोजमध्ये आहे."

हा देश सुरू कसा झाला ते त्या दिवशी कळले. ताई वरंधच्या वरच्या एका वाडीतल्या. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. शेती, गुरे, लाकूडफाटा बायकांकडे. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांच्या टेबलावर त्यांच्याच डोंगराचा नकाशा उतरवायला आला. त्यांनी आपली वाडी शोधली. एक ठिपका होता. पाण्याची वाट, गुरांची वाट, माहेरवाशिणींची वाट, ज्या वाटांवरून त्यांचे सगळे लहानपण गेले होते, त्यांतली एकही नव्हती. त्यांनी वरिष्ठांना विचारले. उत्तर मिळाले, पायवाटा बदलतात, त्या नकाशात घेत नाहीत. "त्या दिवशी घरी आले," ताई म्हणाल्या, "आणि ज्या देशात आधी वाटा काढतात आणि मग हद्दी, असा एक देश काढायला घेतला. तिथं आपल्या खात्याचा माणूस कधी गेला नाही, म्हणून नाव अमोज."

नदीचे नाव माघारी. वर्षाचे चार महिने ती समुद्राकडून डोंगराकडे वाहते. सावित्री नदीत भरतीचे पाणी आत चढते, ते लहानपणी पहिल्यांदा पाहून ताई घाबरल्या होत्या. माघारीचा उगम त्या भीतीत आहे. या चार महिन्यांमुळे अमोजमधली भातशेती, बाजार, लग्नाचे दिवस सगळे आपल्यापेक्षा वेगळे. यातले काहीही त्यांनी मनाला येईल तसे ठरवलेले नव्हते. कांडवणला मीठ कुठून येते, असे मी विचारले, तर त्यांनी मिठाच्या बैलांच्या वाटेचा वेगळा नकाशा काढून दाखवला.

आणि जादू. नवीन वाचकांसाठी तिचे नियम थोडक्यात सांगतो. अमोजमध्ये जादूला हाक म्हणतात. डोंगराला, पाण्याला, वाऱ्याला हाक घालता येते आणि ते ओ देतात. मात्र ज्या जागेला हाक घालायची, तिची हद्द स्वतःच्या पायांनी चालून पाहिलेली असली पाहिजे. एका जागेला एका माणसाची एकच हाक. आणि ओ मिळाली की हाक घालणारा त्या जागेहून घरी परतायची वाट विसरतो, कायमची. म्हणून प्रत्येक हाकाऱ्यासोबत एक वाटाड्या लागतो, नकाशा काढणारा. वाटाड्याला हाक घालता येत नाही. हाकाऱ्याला वाटाड्याशिवाय घर सापडत नाही.

 तोवर जादू म्हणजे माझ्या कल्पनेत राक्षस आणि अंगठ्या. इथे एक सरकारी नोकरीतली बाई, भाजी निवडता निवडता, मला सांगत होती की ज्याने डोंगर थोपवला त्याला आपले दार सापडणार नाही.

ताईंच्या सासूबाई तेव्हा होत्या. त्या नकाशाजवळ येऊन बसल्या आणि विचारू लागल्या, "गो इंदे, या गावाला यष्टी जाते का?"

"नाय आत्ये. चालतच जावं लागतं."

"मग आपल्यासारखाच हाय," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानाने उठून गेल्या.

पुढे मी दर रविवारी जाऊ लागलो. "तुम्ही"चे "तू" कधी झाले ते आठवत नाही. ताईंनी मला रेघ शिकवली. सरावासाठी त्यांचे नकाशे मी उतरवून काढायचो आणि ताई शाळेच्या वहीतल्यासारख्या लाल खुणा करून परत द्यायच्या. खात्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा पास झालो तो याच रविवारांमुळे.

त्यांच्या तत्त्वनिष्ठेचे उदाहरण मला अमोजमधूनच द्यावेसे वाटते. तिथे सोनकी नावाची एक हाकारी होती. तिरफळीवर दरड येत असताना तिने डोंगराला हाक घातली. डोंगर थांबला, गाव वाचले आणि सोनकी तिरफळीची वाट विसरली. तिचा वाटाड्या त्याच दरडीत गेला होता. ही हकिगत ताईंनी सांगितली तेव्हा मी अक्षरशः विनवणी केली. "ताई, एकदाच नियम बाजूला ठेवा. तिला घरी येऊ द्या. तुमचाच तर देश आहे."

"म्हणूनच ठेवता येत नाही," ताई म्हणाल्या. "मी एकीसाठी मोडला तर आधी जे वाट विसरले त्यांना काय सांगू?"

तीन आठवडे त्या नकाशापुढे बसून होत्या. चौथ्या रविवारी मला म्हणाल्या, "झालं." सोनकी ज्या खिंडीत बसून राहिली होती, तिथे त्यांनी पंचवीस घरे काढली होती. सगळे तिरफळी गाव डोंगर ओलांडून तिच्याकडे राहायला आले होते. "वाट ती विसरली," ताई म्हणाल्या. "गावानं कुठं हाक घातली होती? गावाला वाट ठाऊक होती."  नियमाला धक्काही लागला नव्हता.

आता एक घरगुती प्रसंग. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना विस्मरण होऊ लागले. आमच्या नाते गावात, जिथे ते जन्मले, तिथे शेतावरून परतताना ते दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन उभे राहत. पोरे हसत. मीसुद्धा एकदा त्यांच्यावर ओरडलो. ताईंना हे कळले तेव्हा त्या निवृत्त झालेल्या होत्या, एसटीने आल्या, वडिलांसमोर ओटीवर बसल्या आणि अगदी साधेपणाने विचारले, "आबा, काय हलवलंत?"

मला वाटले, आता वडील गोंधळतील. ते ताईंकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "धोंडा. इहिरीतला. कोणाला हालत नव्हता. मी हालवला गो."

आमची विहीर खणताना खडक लागला होता आणि वडिलांनी एकट्याने तो फोडून बाहेर काढला होता, हे आई सांगायची. त्या विहिरीवर आज अर्धी आळी पाणी भरते. ताई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? आता यांना रोज घरी आणून सोडायचं वाटाड्याचं काम तुझं. यात ओरडण्यासारखं काय आहे?" त्यानंतर वडील चार वर्षे होते. मी पुन्हा कधी ओरडलो नाही. संध्याकाळी त्यांना शोधायला निघताना मला लाज वाटेनाशी झाली.

आता चार वर्षांपूर्वीच्या त्या पुराविषयी. महाडकरांना त्याचे वर्णन नको. मी नाते गावात अडकलो होतो. रस्ते बंद, फोन बंद. तिसऱ्या दिवशी चालत गल्लीत पोचलो. ताई आणि दत्ताभाऊ वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होते. खाली त्यांच्या घरात गुडघाभर चिखल. नकाशांची पत्र्याची पेटी पालथी पडली होती. मी ती सरळ केली, झाकण उघडले.

कागद होते. चौऱ्याऐंशी नकाशांचे कागद बरेचसे शाबूत होते. मी एक पान चिखलातून सोडवले, पुसले. लक्ष्मी दिसली. तारखा दिसल्या. पान उलटले, मागे काहीच नव्हते. फिकट निळा डाग. दुसरे पान, तिसरे पान. छापखान्याची शाई राहिली होती आणि ताईंची साधी शाई धुऊन गेली होती. पंचेचाळीस वर्षे. सात दऱ्या, माघारी नदी, मिठाच्या बैलांची वाट, सोनकीची पंचवीस घरे. कार्यालयाच्या पक्क्या शाईची एक बाटली त्यांनी कधी घरी आणली असती, तर हे सारे राहिले असते. मी त्या चिखलात बसलो आणि मोठ्याने रडलो.

तेवढ्यात शेजारच्या रेहानाभाभी आल्या. त्या शिवणकाम करून दोन मुलींना शिकवत होत्या. त्यांच्याकडून जे कळले ते ताईंनी स्वतः कधीच सांगितले नसते. भाभी म्हणाल्या, "पाणी कमरेला लागलं होतं. मी माझी मशीन धरून रडत उभी. एकटीला उचलत नव्हती. ताई जिन्याकडं चालल्या होत्या, हातात ती लांब नळी होती नकाशांची, मोठ्या नकाशाची. माझ्याकडं बघितलं. नळी आत माळ्यावर फेकली आणि म्हणाल्या, 'रेहाना, तिकडून धर.' आम्ही मशीन वर नेली. परत खाली यायला बघितलं तर माळ्यापर्यंत पाणी."

 मूळ नकाशा, संपूर्ण देशाचा, तो त्या नळीत होता. तो त्यांच्या हातात होता.

मी वर गेलो. ताई खिडकीजवळ बसल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांना सगळे कळले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रडून झालं असेल तर एक काम कर. खाली भिंतीवर पाणी कुठवर चढलं त्याची खूण कर. सुकायच्या आत. मला उंची लागेल."

"कशाला, ताई?"

"अमोजला पूर आलाय. फेरमोजणी करावी लागणार."

 मला वाटले, धक्क्याने त्यांचे भान सुटले आहे. पण मी खाली जाऊन खूण केली.

यातून त्या सहज बाहेर आल्या असे कोणी समजू नये. महिन्याने गेलो तेव्हा नवा कागद समोर, पेन हातात, आणि हात थांबलेला. "मोहन, मला ओथंबची वाट आठवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मी हादरलो. तेहतीस वर्षांत तसा आवाज मी एवढाच एकदा ऐकला. दत्ताभाऊ दाराआडून मला खूण करत होते, की रोज असेच चालले आहे.

मग मला माझे सरावाचे नकाशे आठवले. नाते गावच्या घरात, वडिलांच्या ट्रंकेत. त्याच दिवशी परत जाऊन घेऊन आलो. नऊ निघाले. ओथंब त्यांत होते. ताईंनी तो कागद उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तुझी रेघ तेव्हापण जाडच होती." मग हसल्या. पुरानंतर पहिल्यांदाच. दत्ताभाऊ आत चहा टाकायला गेले ते डोळे पुसत.

त्या नऊ नकाशांवरून, आणि उरलेले आठवणीतून, ताईंनी चार वर्षांत अमोज पुन्हा उभा केला. मध्ये दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पुराने तिथल्या दोन दऱ्या एक झाल्या आहेत, कांडवण वरच्या पठारावर सरकले आहे आणि वाटाड्यांनी नियम केला आहे की प्रत्येक नकाशाची एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची. या वेळी कागद चांगला आहे आणि शाई पक्की. ती आम्ही मंडळींनी आणून दिली आणि निवृत्त झाल्यामुळे आता हरकत नाही, असे बराच विचार करून त्यांनी मान्य केले. रविवारी त्यांच्याकडे शाळेतल्या मुली येतात, वसाहतीतले पाळी संपवून आलेले कामगार येतात, एक निवृत्त तलाठी येतात आणि दर वेळी नवे वाद घालतात. या ग्रंथाच्या मध्यभागी घडी घालून लावलेला मोठा नकाशा ही त्या सगळ्यांनी मिळून केलेली प्रत आहे. ज्यांना पूर्वी "जादूवाल्या बाई" म्हणून हसलो, त्यांच्या सत्काराला तेच कार्यालय सगळे मिळून येणार आहे, हे इथे नोंदवतो.

शेवटी मागच्या महिन्यातली हकिगत. सत्काराची तारीख ठरवायला मी गेलो. ताई म्हणाल्या, "तारखेचं मग बघू. आधी मला खाडीवर घेऊन चल. मला किनारा काढता येत नाही."

माझ्या लक्षात आले की खरेच, माघारी नदी समुद्रातून येते, पण समुद्र ताईंनी कधीच काढलेला नाही. नकाशाची कड तिथे संपते. डोंगरातले माणूस, त्यांनी ते काम एकोणपन्नास वर्षे पुढे ढकलले होते.

गाडी करून गेलो. ओहोटी होती. ताई काठी टेकत चिखलाच्या कडेपर्यंत गेल्या. एक बाई कोयत्याने कालवांचे शिंपले फोडत बसली होती. ताईंनी तिला विचारले, "बाय, पाणी कुठवर येतं?"

"आता हितं हाय. मंग तितं येल," ती मागच्या झाडाकडे कोयता दाखवत म्हणाली.

"मग किनारा कुठला म्हणायचा? मला नकाशात रेघ मारायची आहे."

त्या बाईने ताईंकडे असे पाहिले की या बाईला एवढेही कसे कळत नाही. "दोन रेघा मार ना. मधला दोघांचा."

ताई जागच्या जागी थांबल्या. उभ्या आयुष्यात ज्यांनी हद्द म्हणजे एक रेघ मानली, तिच्या जाडीवरून माणसांना परत पाठवले, त्या पंचाहत्तराव्या वर्षी गुडघ्याएवढ्या चिखलाशेजारी उभ्या राहून, तोंडावर हात ठेवून, लहान मुलीसारख्या थक्क झाल्या होत्या. "दोघांचा," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मोहन, ऐकलंस? मधला दोघांचा." भरती येईपर्यंत त्यांनी मला तिथून हलू दिले नाही. पाणी वर चढू लागले तसे दर थोड्या वेळाने त्या एक काडी रोवत होत्या.

परतताना गाडीत त्या बोलू लागल्या. समुद्राच्या पलीकडे दुसरी जमीन आहे. तिथली हाक वेगळी असणार, कारण तिथे हद्दी पाण्याबरोबर सरकतात. सगळे नियम नव्याने बसवावे लागतील. आधी किनारे, मग वाटा, मग गावे. मी सहज विचारले, "ताई, याला किती वर्षं लागतील?"

त्यांनी बोटांवर काहीतरी धरून पाहिले. "पंचवीस तरी," त्या म्हणाल्या. "कमीत होणार नाही."

अशा लेखाचा समारोप करताना दीर्घायुष्याची इच्छा व्यक्त करण्याची रीत आहे. मी ती गाडीतच, मनातल्या मनात, हात जोडून व्यक्त केली आणि इथे सर्वांच्या वतीने पुन्हा करतो. ताईंनी मागितलेली पंचवीस वर्षे त्यांना पुरी मिळोत. एकही दिवस कमी नको. त्या सगळ्या वर्षांत त्यांची नजर स्वच्छ राहो, हात स्थिर राहो, गुडघे चढण मानत राहोत, दत्ताभाऊ शेजारी पेन्सिली तासत बसलेले असोत. पुढच्या रविवारी ताईंनी मला सकाळी नऊला बोलावले आहे. पलीकडच्या किनाऱ्याची पहिली रेघ, आणि तिच्या शेजारची दुसरी, त्या दिवशी मारायची आहे.